काका, जरा जागा बदलता का?

हॉस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येकाला दोन वेळापत्रकं पाठ असतात. एक मेसचं आणि दुसरं घरी जाणाऱ्या गाडीचं. मुंबई-ठाण्याकडचे आम्ही मांडवी नाहीतर कोकणकन्या पकडतो. कोल्हापूर-सांगलीवाले आंबा घाटातून एस.टी.ने जातात. वर्षातून पाचच वेळा घरी गेलो असं धरलं, तरी चार वर्षांत जाऊन-येऊन चाळीस प्रवास होतात. म्हणजे एखाद्या विषयाच्या लेक्चरला आपण जितक्या वेळा बसतो, जवळजवळ तितकेच! आणि तरीही या चाळीस प्रवासांत दर वेळी लागणारा एक विषय आपल्याला कोणीच शिकवत नाही. तो म्हणजे, दुसऱ्याची जागा कशी मागावी आणि आपली मागितली तर काय म्हणावं.

या विषयात मी एकदा सपशेल नापास झालो आहे. ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे उपदेशाचे डोस मी कोणत्या अधिकाराने पाजतोय ते कळेल.

दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही पाच जण कोकणकन्येने रत्नागिरीला परत येत होतो. रिझर्व्हेशन उशिरा केल्यामुळे जागा मिळाल्या ३३, ३४, ३५, ३७ आणि पाचवी थेट ६४. डबा एकच, पण चौघे एका कंपार्टमेंटमध्ये आणि एक जण तिकडे लांब, साइडच्या वरच्या बर्थवर. ठाण्याला चढलो तेव्हा मध्यरात्र होत आली होती. आमच्या समोरच्या ३६ नंबरवर, म्हणजे खालच्या बर्थवर, एक साठी उलटलेले काका चादर पसरून बसले होते. एकटेच होते. आमच्यातल्या एकाने त्यांच्या पायाशी बॅग ठेवली आणि तिथेच टेकला. मग मी पुढे झालो.

"काका, आम्ही सगळे एकत्र आहोत. तुम्ही एकटेच आहात ना? आमची ६४ आहे, याच डब्यात. सकाळी सबमिशन आहे, एकत्र बसून लिहायचंय."

सबमिशन वगैरे काही नव्हतं. पिशवीत पत्त्यांचा कॅट होता.

काकांनी एकदा माझ्याकडे, एकदा बाकीच्या चौघांकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. चादरीची घडी केली, आपली बॅग आपणच उचलली आणि गेले. ६४ नंबर वरचा आहे की खालचा हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. आम्ही मात्र "काका एकदम भारी" असं म्हणून पत्ते काढले.

चिपळूणच्या आसपास मला जाग आली. बेसिनपाशी गेलो तर दरवाजाजवळ आपल्याच बॅगेवर शाल पांघरून काका बसलेले. म्हटलं, "काका, झोपला नाहीत?" तर म्हणाले, "झोप येत नाही रे." मग त्यांच्या गुडघ्याला बांधलेलं क्रेप बँडेज मला दिसलं. दोनदा वर चढायचा प्रयत्न केला होता, दुसऱ्या पायरीवर गुडघा साथ देईना. मुंबईला डॉक्टरला दाखवून येत होते, ऑपरेशन करावं लागेल असं सांगितलं होतं. खालचा बर्थ त्यांना मिळाला होता तो वयामुळेच.

मी जाऊन ३६ वर घोरणाऱ्या आमच्या मित्राला उठवलं. त्याने मला दोन शिव्या दिल्या, पण कारण कळल्यावर गुपचूप ६४ वर गेला. काका परत आले, पण आडवे काही झाले नाहीत. गाडी संगमेश्वर सोडून पुढे निघाली होती. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि विचारलं, "काका, तुम्ही नाही का म्हणाला नाहीत?"

ते हसले. "अरे, तुम्ही पाच जण, मी एकटा. नाही म्हटलं असतं तर सकाळपर्यंत तुमच्याच तोंडासमोर बसायचं होतं. आणि तू विचारलंस कुठे? तू तर सांगितलंस."

एवढ्यात करबुड्याचा बोगदा आला. साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. त्या आवाजात बोलता येत नाही आणि मला बोलायचंही नव्हतं. रत्नागिरीला त्यांची बॅग घेऊन रिक्षापर्यंत गेलो. त्यांना पावसला जायचं होतं. ऑपरेशन झालं का, गुडघा कसा आहे, काही माहीत नाही. नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्यानंतर या विषयाचा मी थोडा अभ्यास केला. तो इथे मांडतो.

नंबर काय सांगतो?

पहिली चूक आमची गणिताची होती, आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना हे शोभत नाही. स्लीपर आणि थ्री टायर ए.सी. डब्यात प्रत्येक कंपार्टमेंटमध्ये आठ बर्थ असतात. बर्थच्या नंबराला ८ ने भागा आणि बाकी बघा. बाकी १ किंवा ४ आली तर खालचा बर्थ, २ किंवा ५ तर मधला, ३ किंवा ६ तर वरचा. ७ आली तर साइडचा खालचा आणि बाकी शून्य आली तर साइडचा वरचा. डबा ७२ बर्थचा जुना असो की ८० बर्थचा नवा एल.एच.बी. असो, हे गणित बदलत नाही. टू टायरला मधला बर्थ नसतो, म्हणून तिथे ६ ने भागायचं. १ आणि ३ खाली, २ आणि ४ वर, ५ साइडचा खालचा, शून्य साइडचा वरचा.

३६ ला ८ ने भागलं की बाकी ४, म्हणजे खालचा. ६४ ला बाकी शून्य, म्हणजे साइडचा वरचा. गाडीतली सगळ्यात सोयीची जागा घेऊन आम्ही सगळ्यात गैरसोयीची दिली, आणि वर "याच डब्यात आहे" असं उपकाराच्या सुरात सांगितलं! साइडचा बर्थ लांबीला कमी असतो, येणारा-जाणारा धक्का देऊन जातो, आणि वर चढायचं म्हणजे कसरतच.

दुसरी गोष्ट, खालचा बर्थ नेहमी नशिबानेच मिळतो असं नाही. साठ वर्षांवरचे पुरुष, पंचेचाळीस वर्षांवरच्या स्त्रिया आणि गर्भवती यांच्यासाठी रेल्वे प्रत्येक डब्यात काही खालचे बर्थ वेगळे ठेवते. स्लीपरमध्ये सहा ते सात, थ्री टायर ए.सी.मध्ये चार ते पाच. त्यांनी मागितला नसला तरी शिल्लक असेल तर कॉम्प्युटर आपणहून खालचा देतो. ज्येष्ठांना तिकिटात मिळणारी सवलत मार्च २०२० पासून बंद झाली, ही सोय मात्र चालू आहे. तेव्हा खालच्या बर्थवर पांढऱ्या केसांचा माणूस दिसला, तर तो तिथे का आहे याचा अंदाज करायला फार हुशारी लागत नाही.

आणि घड्याळाचाही संबंध आहे. झोपायची वेळ रात्री १० ते सकाळी ६ अशी रेल्वेने २०१७ साली ठरवून दिली. त्याआधी ती ९ पासून होती. या वेळात मधल्या बर्थवाला बर्थ उघडून झोपू शकतो आणि साइडच्या वरच्याला खालच्या जागेवर बसायचा हक्क राहत नाही. दिवसा मात्र खालचा बर्थ सगळ्यांचं बाकडं असतो. म्हणजे दुपारी दोन वाजता मधला बर्थ उघडून ताणून देणारा चुकतो, आणि रात्री बारा वाजता खालच्याच्या अंथरुणावर टेकून पत्ते कुटणारे आम्ही पाच जणही चुकतो.

मागणं इतकं अवघड का असतं?

स्टॅनले मिलग्रॅम नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी न्यूयॉर्कमध्ये आपल्या विद्यार्थ्यांना एक विचित्र काम दिलं. भुयारी रेल्वेत जायचं, बसलेल्या अनोळखी माणसासमोर उभं राहायचं आणि काहीही कारण न देता म्हणायचं, मला तुमची जागा द्याल का? सगळ्यांना वाटलं होतं की लोक हाकलून देतील. प्रत्यक्षात शंभरापैकी सुमारे ६८ जणांनी उठून किंवा सरकून जागा दिली!

पुढची गंमत अशी. दुसऱ्या फेरीत विद्यार्थ्यांनी एक फुटकळ कारण जोडलं. उभं राहून पुस्तक वाचता येत नाही म्हणून जागा हवी, असं. तर जागा देणारे घटून ४२ च्या आसपास आले. कारण दिल्यावर लोकांना त्या कारणाचा विचार करायला वेळ मिळतो, आणि कारण फुसकं आहे हे कळलं की नाही म्हणणं सोपं जातं. बिनकारण विचारलं की माणूस गोंधळतो. याला नक्कीच काहीतरी होत असेल असं समजून, नाहीतर नुसतंच नाही म्हणायला शब्द न सापडून, उठतो.

पण मला सगळ्यात पटलं ते वेगळंच. जागा मागणाऱ्या विद्यार्थ्यांची अवस्था फार वाईट झाली. तोंडातून शब्द फुटेनात. स्वतः मिलग्रॅम मागायला गेले तेव्हा त्यांचेही शब्द घशातच अडकले, आणि जागा मिळाल्यावर आपण आजारी आहोत असं दाखवायची इच्छा झाली.

म्हणजे एकट्याने मागणं हे निसर्गतःच अवघड आहे, आणि ते तसंच असायला हवं. तो एक ब्रेक आहे. आम्ही पाच जण होतो म्हणून आमचा ब्रेक निकामी झाला. मला मळमळलं नाही, घसा कोरडा पडला नाही. उलट मागे चार मित्र उभे असल्यामुळे जोर चढला. आणि पलीकडे काकांना मात्र नाही म्हणायला तोंड राहिलं नाही. आपल्याकडे "भीड भिकेची बहीण" अशी म्हण आहे. भिडस्त माणसाचं नुकसान होतं, एवढाच तिचा अर्थ शाळेत शिकवला होता. दुसऱ्याच्या भिडेवर आपण आपलं काम साधून घेतो ही दुसरी बाजू मला गाडीत कळली.

मागण्याची रीत

एवढं झाल्यावर मी स्वतःसाठी काही नियम केले. सगळ्यांना पटतील असं नाही.

१) आधी विचारा, मग टेका. दुसऱ्याच्या जागेवर बसून, बॅग ठेवून विचारलं तर तो प्रश्न राहत नाही, कब्जा होतो. चंचुप्रवेश झाला की मुसळप्रवेश व्हायला वेळ लागत नाही.

२) देताना सारखं किंवा वरचढ द्या. खालच्याच्या बदल्यात खालचा, खिडकीच्या बदल्यात खिडकी. आपली जागा कमी दर्जाची असेल तर तोंडाने तसं स्पष्ट सांगा. "काका, आमची साइडची वरची आहे, चढावं लागेल" हे एक वाक्य मी बोललो असतो तर पुढचं काही झालंच नसतं.

३) एकट्याने विचारा. बाकीच्यांनी लांब उभं राहावं. मागून "द्या ना काका" असा कोरस नको.

४) खरं कारण सांगा, नाहीतर कारणच सांगू नका. एकत्र बसून गप्पा मारायच्या आहेत, हे काही लाजिरवाणं कारण नाही. ऐकणारा ठरवेल त्याची किंमत किती ते.

५) नाही म्हणायला वाट ठेवा. "तुम्हाला अडचण असेल तर काही हरकत नाही" हे विचारतानाच म्हणा, नकार मिळाल्यावर नको.

६) एकदाच विचारा. नाही म्हटलं की "ठीक आहे, थँक यू" आणि विषय संपला. तोंड वाकडं करायचं नाही, मित्राकडे बघून डोळे फिरवायचे नाहीत. त्या माणसाला अजून सहा तास आपल्यासमोर बसायचं आहे.

७) अंथरूण पसरण्यापूर्वी विचारा. झोपलेल्याला उठवून जागा मागायची नाही. गाडीत चढल्या चढल्या पाच मिनिटांत जे जमेल तेवढंच.

८) जागा मिळाली तर सामान आपण उचलून पोचवा. त्यांना कुठे उतरायचं ते विचारा आणि उठवायची जबाबदारी घ्या. आणि टी.सी.ला सांगा. हे फार जण विसरतात. टी.सी.च्या हातातल्या मशीनवर जागा मूळ नावावर असते. विशेषतः डबा बदलला असेल आणि मूळ जागेवर कोणी दिसलं नाही, तर प्रवासी आलाच नाही असं समजून ती जागा आर.ए.सी.वाल्याला जाऊ शकते. मग रात्री दोन वाजता तिघांची भांडणं.

आणखी एक. मुळात मागायची वेळच येऊ नये हे सगळ्यात बरं. नेटवरून तिकीट काढताना, सगळे बर्थ एकाच डब्यात मिळाले तरच बुक करा, किंवा किमान एक खालचा मिळाला तरच करा, असे पर्याय असतात. ते आपण न वाचता पुढे जातो. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ रिझर्व्हेशनची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली, तेव्हा कॅलेंडरवर खूण करून ठेवा. गणपतीत मात्र याचाही उपयोग नाही. वेटिंगचं तिकीट कन्फर्म होतं ते कोणाचं तरी रद्द झालं म्हणून, आणि रद्द झालेल्या जागा डब्याडब्यांत विखुरलेल्याच असणार. म्हणून चतुर्थीच्या गाडीत आजी एस-२ मध्ये आणि नातवंडं एस-९ मध्ये असं चित्र दिसतं. अशा वेळी जागा मागणाऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

नाही म्हणण्याची रीत

हा भाग मी मुद्दाम लिहितोय, कारण आपल्यातल्या निम्म्यांना तो येत नाही. वाक्य अगदी छोटं आहे. "माफ करा, मला हीच जागा लागेल." बस्स. कारण द्यायची गरज नाही. गुडघा दुखतो, पोट बिघडलंय, पाळी आली आहे, रात्री चार वेळा उठावं लागतं, या गोष्टी माणसाने अनोळखी लोकांपुढे का उघड कराव्यात? तिकीट त्याचं, जागा त्याची.

आणि याची उलट बाजू. एखादी मुलगी किंवा बाई एकटी येऊन "जागा बदलाल का" असं विचारते, कारण सांगत नाही. तर कारण विचारू नका. शेजारच्याची नजर, कोणाचा तरी धक्का, असं काहीतरी असू शकतं जे ती त्याच माणसासमोर बोलू शकत नाही. शक्य असेल तर उठा आणि ती जिथून आली तिथे जाऊन बसा.

एस.टी. आणि लोकल

कोल्हापूरवाले मित्र म्हणतील, आमच्या एस.टी.चं काय? १ जून १९४८ ला पुणे-नगर अशी पहिली एस.टी. धावली. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची पद्धत त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाली असावी असा माझा अंदाज! रुमाल, टोपी, वही, प्रसंगी लहान भाऊसुद्धा खिडकीतून आत जातो. रिझर्व्हेशन नसलेल्या गाडीत हा रुमाल सगळे मानतात, आणि हा कायदा कुठेही लिहिलेला नाही. पण एका रुमालाने एक जागा, हे पथ्य पाळावं. पंचा टाकून तीन जागा धरणारे आणि मग वयस्कर बाईला "माणूस येतोय" म्हणून उभं ठेवणारे आपल्यातच आहेत.

मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धं तिकीट आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना तिकीटच नाही. त्यावरून "फुकट येतात आणि वर जागा मागतात" अशी कुरकूर मी रत्नागिरी स्टँडवर ऐकली आहे. सवलत तिकिटावर आहे, उभं राहण्याच्या त्रासावर नाही. आजीचे पाय सवलतीत दुखत नाहीत.

एस.टी.त एक मागणी मात्र कोणीही नाकारत नाही. "मला गाडी लागते, खिडकी द्याल का?" आंबा घाट समोर असताना हे वाक्य ऐकून जो उठत नाही, त्याला पुढच्या वळणावर उत्तर मिळतं.

मुंबईच्या लोकलची रीत आणखी वेगळी. तिथे "कुठे उतरणार?" एवढंच विचारतात. समोरचा "ठाणा" म्हणाला की ती जागा विचारणाऱ्याची झाली, मध्ये दुसरा कोणी घुसत नाही. तिघांच्या बाकड्यावर चौथा टेकतो, त्यासाठी एक शब्दही लागत नाही, नुसता हात जरा हलवला की तिघे सरकतात. मी लहानपणापासून हे बघतोय. इतक्या गर्दीत माणसं एकमेकांशी इतकी शिस्तीत वागतात, कारण मागणं छोटं आहे, स्पष्ट आहे आणि उद्या आपल्यालाही तेच मागायचं आहे.

आणि विमानात?

आपल्यापैकी काही जण स्पर्धांसाठी, इंटरव्ह्यूसाठी आता विमानाने जायला लागलेत. तिथेही हाच तमाशा, फक्त इंग्रजीत. एक फरक आहे. विमानात पुष्कळ जण खिडकीसाठी किंवा पुढच्या रांगेसाठी वेगळे पैसे भरतात. आपण फुकटातली मधली सीट घ्यायची आणि मग पैसे भरून खिडकी घेतलेल्याला "अॅडजस्ट करा ना" म्हणायचं, हे बरोबर नाही. लहान मुलांचा प्रश्न मात्र खरा होता. आईबाप एका रांगेत आणि मूल भलतीकडे असं होत असे. डी.जी.सी.ए.ने एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना सांगितलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला, त्याच तिकिटावर प्रवास करणाऱ्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाशेजारी जागा द्यायची. म्हणजे जे काम अनोळखी सहप्रवाशाच्या भिडेवर चालत होतं, ते नियमाने कंपनीवर आलं. मला हे फार योग्य वाटलं.

विमानात आपल्या मनाने जागा बदलू नये याला मेकॅनिकलचं कारणही आहे. उड्डाणाआधी माणसं, सामान आणि इंधन यांचा हिशोब करून विमानाचा गुरुत्वमध्य काढलेला असतो. समजा २०,००० किलोचं छोटं विमान आहे आणि सत्तर किलोची दहा माणसं मागून १५ मीटर पुढे येऊन बसली. ७०० गुणिले १५, भागिले २०,००० म्हणजे गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरहून जास्त सरकला. त्याला पुढे-मागे सरकायला मुभा फार थोडी असते. दोघांनी अदलाबदल केली तर काहीच फरक पडत नाही, पण मागच्या रांगा रिकाम्या सोडून सगळे पुढे आले तर पडतो. म्हणून उड्डाणाआधी हवाई सुंदरीला विचारल्याशिवाय हलायचं नाही. संकटकालीन दाराजवळच्या सीटबद्दल तर मुळीच नाही. तिथे गरज पडल्यास दार उघडू शकेल असाच धडधाकट, मोठा माणूस बसवतात. पाय पसरायला ऐसपैस जागा आहे म्हणून आजोबांना तिथे बसवून आपण शेजारी बसणं चालत नाही.

शेवटी हॉस्टेल

हे सगळं लिहिताना मला सारखी आमच्या हॉस्टेलची आठवण येत होती. फॅनखालची कॉट, खिडकीजवळचं टेबल, मेसमधला टीव्हीसमोरचा बाक. फर्स्ट इयरचा मुलगा सामान लावत असतो. तिघे सीनियर दारात उभे राहतात आणि एक जण म्हणतो, "तुला तिकडची कॉट चालेल ना रे?" तो म्हणतो, "हो, चालेल." सगळे खूश. त्याला चालत होतं की नाही हे कोणालाच कळत नाही, कारण त्याने नाही म्हणायची सोय आपण ठेवलेलीच नसते. मारझोड नाही, शिवीगाळ नाही, त्यामुळे याला कोणी रॅगिंग म्हणत नाही. पण काकांनी "बरं" म्हटलं त्याच आवाजात तोही "चालेल" म्हणतो.

मीही त्या दारात उभा राहिलेलो आहे. या वर्षी माझ्या रूममध्ये नवीन मुलगा आला तेव्हा मी एकटाच होतो. म्हटलं, "फॅनखालची कॉट मला हवी आहे, पण पहिला तू आलायस. नाही म्हणालास तरी काही बिघडत नाही." त्याने दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाला, "मग मला हीच राहू दे."

उन्हाळ्यात मला फार गरम होतं. पण त्याचं ते "राहू दे" ऐकून मला बरं वाटलं.

जाता जाता थोडा गृहपाठ. उत्तरं मागे दिलेली नाहीत, रूममध्ये भांडून ठरवा.

१) तुमचा बर्थ १२ आहे. एक गृहस्थ ५४ देऊ करतात आणि "सेमच आहे" म्हणतात. सेम आहे का?

२) तुम्ही चौघे एकत्र, एका काकूंचा खालचा बर्थ मध्ये येतोय. विचारायला कोणी जावं, कधी जावं आणि पहिलं वाक्य काय असावं?

३) तुम्हाला ताप आहे, कोणाला सांगायचं नाही. समोरून पाच मुलं येतात आणि त्यातला एक म्हणतो, "दादा, तुम्ही एकटेच आहात ना?"